चार बोटं

तळघरातली माझी खोली म्हणजे खोली नव्हेच,
कोंबड्यांच्या जाळीचा पिंजरा, क्रमांक चौदा.
मोजायला टेप मिळेना.
निळ्या लोकरीचा धागा या भिंतीपासून त्या जाळीपर्यंत धरला,
टोकाला गाठ मारली,
आणि गाठ खिशात घालून होडी बघायला गेले.

दुकानातला ओस्कारी वयानं माझ्या भाच्याएवढा.
म्हणाला, ही फुगवायची, कपाटात मावते.
मी म्हटलं, कपाटात मावेल रे,
पण मांडीवर पाइक तडफडायला लागला, की त्याचे दात?
मग घडीची दाखवली, कागदी पक्ष्यासारखी, बारा बकलांची.
मे महिन्यात पहाटे चार वाजता कल्लावेसीच्या काठावर
माझ्या बोटांना स्वतःची बटणं लागत नाहीत.
तिसरी तीन तुकड्यांची, बोल्टांनी जोडायची.
जिची कंबर सुटी होते
तिच्यावर पाण्यात किती विसंबायचं?
ओस्कारी हसला नाही. हसला असता तर
कदाचित काहीच न घेता परतले असते.

कोपऱ्यात एक हिरवी कायाक पालथी पडली होती.
जुनी, आखूड, पाठीवर ओरखडे,
कुणीतरी नाव खरवडून काढलेलं, त्यातला फक्त 'स' उरलेला.
धागा तिच्या अंगावर धरला.
टोकाला टोक. गाठ बरोबर नाकावर.
दोनशे ऐंशी युरो, वल्हं धरून.

लोकर ताणली जाते
हे चाळीस वर्षं मोजे विणणाऱ्या बाईला
कुणी सांगायला हवं होतं का?

बोट अडली ती चार बोटांवर.
उभी केली, छत आडवं आलं.
तिरकी केली, तर स्की, मुरंब्याच्या बरण्या,
मुलीचा पाळणा (ती म्हणते असू दे, का ते सांगत नाही),
सगळंच बाहेर.
मी त्या पसाऱ्यात पाळण्याच्या काठावर टेकले
आणि होडीचं शेपूट दाराबाहेर,
जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पायात.

तेवढ्यात वेइयो बटाटे न्यायला खाली आला. पिंजरा पंधरा.
अकरा वर्षं आम्ही बोललो नव्हतो.
शुक्रवारी सहाची सौनाची पाळी
यादीत कुणाच्या नावापुढे होती, एवढ्यावरून.
त्यानं होडीकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं,
बटाटे न घेताच वर गेला.
म्हटलं, झालं. आता सोसायटीचं पत्र येणार.

आला तो पक्कड घेऊन.
आमच्या दोघांमधली जाळी कापली, गुडघ्याच्या उंचीवर.
कट्, कट्.
एकेक तार स्वतःच्या बाजूला वळवली,
कडेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, होडीला खरचटू नये म्हणून.
आम्ही मागून ढकललं.
नाक त्याच्या बटाट्यांच्या पोत्याशी जाऊन थांबलं.
माझं दार लागलं.

"दर आठवड्याला दोन पर्च," तो म्हणाला.
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून वळून:
"साफ करून."

होडीत तरी कुठली जागा!
पायांमध्ये बादली, पाठीमागे थर्मास,
गळांचा एकच डबा. तोही दोनदा उघडून
यातलं काय राहिलं तरी चालेल, हे ठरवायचं.
निम्मं राहतं. चालतं.

मासे चुकले नाहीत. एका आठवड्यात लागले नाहीत
तेव्हा बाजारातून आणले, खवल्यांवरून त्यानं ओळखलं,
खाल्ले.
आणि कधीपासून कोण जाणे, तो त्या नाकावर
आपली कानटोपी अडकवून जायला लागला.
पहाटे निघताना मी ती काढते, जाळीला लावते, जाते.

काल विसरले.
किनारा पार मागे राहिल्यावर दिसली,
पुढ्यात, पाण्याकडे तोंड करून बसलेली, राखाडी.
गळाच्या काठीनं ओढून घेतली.
वारा होता.
घातली.
कानांवर जरा सैल होते.